रखमाच्या मृत्यूची जागा

काळुराम भोईर तेहेतीस वर्षं जन्म-मृत्यू नोंदणीच्या कचेरीत होते. शिपाई म्हणून लागले, कारकून म्हणून निवृत्त झाले. त्यांच्या गावात मात्र त्यांना कोणी कारकून म्हटलं नाही. काळुराम काय करतो असं कोणी विचारलं, की भाऊबंद सांगायचे, "मयताच्या खात्यात आहे."

माझी त्यांची ओळख २००९ सालच्या जुलैमध्ये झाली, तीही त्याच खात्यात. माझ्या यजमानांना डोंबिवलीहून ठाण्याच्या दवाखान्यात नेत असताना ते रुग्णवाहिकेतच गेले. गाडी शीळफाट्याला ट्रकांच्या रांगेत अडकली होती. दुपारचे चार वाजून दहा मिनिटं झाली होती. मी लहानपणापासून रोजनिशी लिहिते, त्यामुळे घड्याळाकडे पाहायची सवय आहे. दाखला हातात आला तेव्हा त्यावर मृत्यूचं ठिकाण म्हणून दवाखान्याचं नाव होतं. तिथे तर ते जिवंत पोचलेच नव्हते. मी दुरुस्तीसाठी गेले. खिडकीतली मुलगी म्हणाली, "मॅडम, पेन्शनला काही अडत नाही ना? मग काय फरक पडतो?"

मागच्या टेबलावरून एक सावळे, बुटके गृहस्थ उठून आले. "फरक पडतो," ते म्हणाले. "बसा बाई."

त्यांनी मला एका चिठ्ठीवर कोणकोणते कागद लागतील ते लिहून दिलं. गाडीतल्या डॉक्टरचं पत्र, गाडीची नोंद, माझं प्रतिज्ञापत्र. मला तीन खेपा घालाव्या लागल्या. तिसऱ्या खेपेला त्यांनी स्वतः नवा दाखला आणून दिला आणि 'शीळफाटा' या शब्दाखाली बोट धरून मला वाचायला लावलं. म्हणाले, "मरणाचं कारण लोक खोटं सांगतात. लाजेनं सांगतात, भीतीनं सांगतात. जागा सहसा खरी सांगतात. म्हणून जागा तरी नीट असावी."

त्यानंतर ठाण्याला काही काम निघालं की मी त्यांच्याकडे डोकावायची. चहा यायचा आणि त्यांचा आवडता विषय निघायचा, जुनी पुस्तकं. पुस्तकं म्हणजे शंभर वर्षांपूर्वीच्या मृत्यूच्या नोंदवह्या. मागच्या खोलीत लोखंडी कपाटात होत्या. नोंदी मोडीत, मथळे इंग्रजीत. नोकरीला लागल्यावर तिसऱ्या वर्षी एका म्हाताऱ्या हेडक्लार्ककडून काळुराम मोडी शिकले. दुपारच्या डब्याच्या वेळात, कोणी न सांगता.

त्या वह्यांतलं शहर त्यांना तोंडपाठ होतं. "नव्वद टक्के लोक तापानं मरायचे," ते सांगायचे. "ताप लिहिला की सुटलं. आत काय होतं ते कोणाला ठाऊक. मग हगवण, खोकला, बाळंतरोग. एक माणूस ताडावरून पडून. एक खाडीत होडी उलटून. आणि जागा बघा. घर, घर, घर. मग एकदम धर्मशाळा. स्टेशनचा फलाट. देवळाची ओसरी. माणूस कुठून आला होता, कुठे चालला होता, सगळं त्या एका शब्दात कळतं."

प्लेगच्या सालांत त्या रकान्यात एक शब्द पुन्हा पुन्हा यायचा, 'झोपड्या'. शहराबाहेर माळावर कुडाच्या झोपड्या बांधल्या होत्या आणि गाठ आलेल्या माणसाला तिथे नेत. घरावरची कौलं उतरवत, सामान उन्हात टाकत, घरच्यांनाही बाहेर काढत. म्हणून लोक आजारी माणूस लपवायचे आणि मेल्यावर 'ताप' लिहवायचे.

हे सगळं ते मजेत सांगायचे. पण त्याच वह्यांत त्यांचं घरचं एक काम अडकलेलं होतं, हे मला चार-पाच वर्षांनी कळलं.

काळुरामांची मोठी बहीण शांताबाई. लग्न होऊन गेली आणि दीड वर्षानं अंगावर वळ घेऊन परत आली. परत गेली नाही. ती बावीस वर्षांची होती तेव्हापासून भावाच्या घरी मागच्या खोलीत राहिली. घोडबंदर रोडच्या टॉवरांच्या पाठीमागे जे जुनं गावठाण उरलंय, तिथे. ती आली त्या दिवशी चुलत्यांनी म्हटलं, "रखमी परत आली."

रखमा ही त्यांची पणजी. काळुरामांचे आजोबा गणू, त्यांची आई. भोईरांच्या घरात तिची एकच गोष्ट सांगत. दगडू भोईर मिठागरात राबत असताना त्याची बायको रखमा दोन पोरांना टाकून पहाटे निघून गेली. कोणाबरोबर गेली ते कोणी सांगितलं नाही, पण कोणाबरोबर तरी गेली. धाकटं पोर तिच्या मागे झुरून मेलं. दगडूनं वर्षभरानं दुसरी केली. तेव्हापासून सर्वपित्रीला पितरांची पानं ठेवताना दगडूचं नाव घेतात, दुसरीचं घेतात, रखमाचं घेत नाहीत. आणि घरातली कुठलीही मुलगी आपल्या मनानं चालायला लागली, की तिला रखमी म्हणतात.

काळुरामांना मोडी यायला लागली तेव्हा शांताबाई त्यांना म्हणाली होती, "कालू, तू गावभरची मेलेली मानसं शोधतंस. आपली एक शोध ना. ती कुठं मेली, कोनाच्या घरान मेली, यवढंच सांग मना."

काळुरामांनी शोधली. आधी गावच्या पोलीस पाटलाचं पुस्तक पाहिलं. तिथे रखमा नव्हती. मग शहराच्या वह्या. जुन्या नोंदीत बाईचं नाव नवऱ्याच्या नावासकट असतं, मध्ये 'कोम' हा शब्द. कोम म्हणजे अमक्याची बायको. काळुराम 'रखमा कोम दगडू' शोधत राहिले. दुसऱ्याच्या घरी गेली असेल तर त्याचं नाव लागलं असेल, म्हणून रखमा कोम कोणीही, पण जात आगरी, धंदा मीठ, अशाही पाहिल्या. सापडल्या त्या सगळ्यांची वयं किंवा गावं जुळेनात. निवृत्त झाले तरी ती सापडली नाही. शांताबाई ऐंशीची झाली. दोन वर्षांपूर्वी मोरीत पडून तिचं खुब्याचं हाड मोडलं. त्यानंतर ती काळुरामांना विचारेनाशी झाली. एवढंच म्हणाली, "मी मेली का माझं पन असंच. ना सासरी पान, ना हितं."

गेल्या वर्षी, २०२४ साली, जुन्या वह्यांचं स्कॅनिंग निघालं. मशीनवर बसलेल्या मुलांना मोडी येत नव्हती, म्हणून काळुरामांना पुन्हा बोलावलं. पान उघडायचं, साल सांगायचं, पुढचं पान. ऑगस्टच्या वीस तारखेला ते माझ्याकडे डोंबिवलीला आले. आधी फोन केला नव्हता. चप्पल काढून आत आले आणि खिशातून एक घडी घातलेला कागद काढला.

"बाई, हे वाचता येईल?"

कागदावर पेन्सिलीनं इंग्रजी अक्षरं काढली होती. लिहिली नव्हती, काढली होती, रांगोळी काढावी तशी. काळुरामांना छापील इंग्रजी येतं, जुनं जोडून लिहायचं वळण येत नाही. वहीच्या पानाचा फोटो काढायची परवानगी नाही, म्हणून त्यांनी नोंदीशेजारचा साहेबाचा इंग्रजी शेरा एकेक रेघ पाहून उतरवला होता. मला ते वळण लगेच ओळखू आलं. आमच्या शाळेतल्या सिस्टर्स तसंच लिहायच्या आणि आमच्याकडून तसंच गिरवून घ्यायच्या.

"मूळ नोंद मोडीत आहे, ती मी वाचली," ते म्हणाले. "मार्च १९११. रखमा. वय अदमासे अठ्ठावीस. जात आगरी, धंदा मीठ. कारण गाठीचा ताप. जागा झोपड्या. नऊ तारखेला आली, चौदाला गेली. आणि कोम नाही. नवऱ्याची जागा कोरी. असल्या कोऱ्या नोंदी मी सोडून द्यायचो. भिकारीण असेल, परमुलखातली असेल, असं धरून. हे पान मी आधीही उलटलं असेल, बाई. दहा वेळा उलटलं असेल."

मी शेरा वाचून मराठीत सांगितला. एकटी, पायी आली. खाडीकडच्या मिठागरातली म्हणते. मुलं आहेत म्हणते. नवऱ्याचं नाव सांगत नाही. तीनदा विचारलं.

काळुरामांनी कागदाची घडी घातली. मग म्हणाले, "म्हणजे नवऱ्याला टाकलाच होता तिनं. नाव सांगायलाही तयार नव्हती. घरचे बोलत होते ते खरं."

मलाही तेच वाटलं. मी तसं बोलले नाही, पण वाटलं.

"शांताबायला सांगू का नको?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही काय ठरवलंत?"

"सांगायला लागणार. तेहेतीस वर्षांत कोणाचा कागद मी दाबून ठेवला नाही. आता बहिणीचा ठेवू?" मग म्हणाले, "तुम्ही याल का? इंग्रजीचं तुम्ही सांगा. माझ्यानं होणार नाही."

पुढच्या रविवारी मी गेले. काळुरामांच्या पत्नी जयाबाईंनी चहा आणि घावणे केले होते. शांताबाई पलंगावर, पाय लांब करून, लसूण सोलत बसली होती. आम्ही सुरुवात करणार तोच भगवान आला. भगवान म्हणजे काळुरामांचा चुलतभाऊ आणि भाऊकीतला वडीलधारा. पितरांची पानं त्याच्या देखत ठेवतात, नावं त्यानं मान्य केलेली घेतात. जमिनी विकल्यापासून तो गावात बहुतेक वेळ पांढऱ्या बुटांत फिरतो.

"काय रे, कसली मीटिंग? आणि मॅडम कोन?"

"बस," काळुराम म्हणाले. "तू पण ऐक."

त्यांनी नोंद वाचली. मी शेरा सांगितला. भगवाननं मांडीवर थाप मारली. "घे. सरकारी पुस्तकात पन लिवलंय. नवऱ्याचं नाव टाकलं तिनं. आमचे म्हातारे काय येडे नव्हते."

शांताबाईनं लसणाची वाटी बाजूला ठेवली. "परत सांगा बाई. तो सायेब काय इचारत व्हता?"

"नवऱ्याचं नाव काय. तीन वेळा विचारलं."

"आनी हिच्या संगती कोन व्हता?"

"कोणी नाही. एकटी आली असं लिहिलंय."

शांताबाई हसायला लागली. हसताना खुबा दुखला, म्हणून त्यावर हात दाबून हसली. "अरं कालू, तू येवढा शिकलास. ती नाव कशी घेल? बाईमानूस नवऱ्याचं नाव घेतं का कधी? संगती सासू असती, दीर असता, तर त्यांनी सांगितलं असतं. एकटी बाई कशी सांगल? मेली तरी नाय सांगनार."

 ती पुढे म्हणाली, "मी घेतलं का आजपावतो? साठ वर्षं त्याच्या घरान पाय ठेवला नाय, तरी तोंडान येत नाय. रेशनकारडावाल्यानं मना इचारलं, नवऱ्याचं नाव. मी बोल्ली, देवाचं नाव हाय. तो बोल्ला, कुठला देव? मी बोल्ली, हातान धनुष्य."

"मग?" मी विचारलं.

"मग काय. मेल्यानं अर्जुन लिवला. अजून कारडावर अर्जुन हाय."

जयाबाई तोंडाला पदर लावून हसल्या. नाव रामा होतं, हे काळुरामांनी मला नंतर अंगणात सांगितलं. त्या क्षणी ते हसत नव्हते. ते कागदाकडे बघत होते. त्यांनी ज्या हजारो 'कोम' वाचल्या होत्या, त्यातली प्रत्येक कोणा दुसऱ्यानं सांगितलेली होती, हे त्यांना आज प्रथम दिसत होतं.

भगवान मात्र हार मानणारा नव्हता. "ते राहू दे. पन हीच आपली रखमा कशावरून? त्या काळात घरटी एक रखमा व्हती. मिठागरं काय आपल्याच गावाला व्हती?"

"गनू आजा सांगायचा मना," शांताबाई म्हणाली. "पहाटे आय अंगनान हुबी ऱ्हायली. आत आयली नाय. लहाना रडत तिच्याकडं धावला, तर मागं सरली. गनूला बोल्ली, त्याला आत ने, दार लाव. पोराला हात लावला नाय म्हनून सगले तिला दगडाची बोलतात. आता बोल भगवान, गाठ आलेली आय पोराला हात लावंल का?"

"म्हाताऱ्याचं बोलनं. कागद हाय का?" भगवान काळुरामांकडे वळला. "तूच सांग. तू सरकारी मानूस. कोनी खिडकीवर येऊन असं सांगितलं असतं, तर दाखला दिला असतास?"

शांताबाईही त्यांच्याकडे बघत होती. "सांग कालू. ती हाय का नाय?"

काळुराम म्हणाले, "नसता दिला." मग खाली बघून, "नाव जुळलं म्हणजे माणूस जुळला असं होत नाही, बाय. कागदावरून मला हो म्हणता येत नाही."

शांताबाईनं वाटी परत मांडीवर घेतली आणि लसूण सोलायला लागली. 

मला काळुरामांचा राग आला होता, हे मी रोजनिशीच्या त्या दिवशीच्या पानावर लिहिलंय. त्याखाली असंही लिहिलंय, की याच काटेकोरपणामुळे माझ्या घरातल्या दाखल्यावर खरी जागा आहे.

त्यानंतर महिनाभर त्यांचा फोन आला नाही. आला तो पितृपक्षात, सर्वपित्रीच्या दोन दिवस आधी. आवाज नेहमीसारखाच कोरडा. "बाई, मी गावचं पुस्तक पुन्हा पाहिलं. पोलीस पाटलाचं. मागे पाहिलं तेव्हा मी फक्त बाईचं नाव शोधत होतो. या वेळी घर शोधलं. मार्च १९११, आमच्या घरात काय काय झालं."

"मग?"

"सतरा तारीख. दगडूचा मुलगा, वय दोन. कारण ताप. जागा घर. खबर देणारा दगडू. झुरून मेला म्हणत होते ना. ती घर सोडून गेल्यावर आठ दिवसांत गेला तो. पुस्तकात आमच्या आळीत त्या पंधरवड्यात चार ताप आहेत, बाई. चारही घरी. एकाचंही कौल उतरलं नाही. घरात गाठ आली होती आणि घरच्यांनी दडवली. ती एकटी चालत गेली, म्हणून घर उघडं पडलं नाही. मग बायको कुठे गेली, असं कोणी विचारलं तर काय सांगणार? पळाली सांगितलं."

"आता हो म्हणाल?"

"पुरावा नाहीच," ते म्हणाले. "अमावास्येला या. जेवायलाच या."

मी गेले. भोईरांचं घर आता तीन मजली आहे. पानं गच्चीत ठेवतात. केळीच्या पानांवर वडे, खीर, भोपळ्याची भाजी, भात. भाऊकीतले बारा-पंधरा जण होते. भगवान कठड्याला टेकून उभा. शांताबाईला दोघांनी खुर्चीवर बसवून वर आणलं होतं. काळुराम एकेक पान मांडत नावं घेत गेले. वडील, आई, गणू, गणूची बायको, दगडू, दगडूची दुसरी. मग त्यांनी आणखी एक पान मांडलं.

"रखमा," ते म्हणाले. "दगडू भोईराची बायको. मिठागरातली. गाठीच्या तापानं गेली, शहराबाहेरच्या झोपड्यांत, चौदा मार्च एकोणीसशे अकरा."

"कालू," भगवान म्हणाला. "त्या दिवशी तू काय बोल्ला व्हतास? पुरावा हाय का?"

"नाही."

"मग उद्या कोनी इचारलं, ही कोनी सांगितली, तर?"

"तर माझं नाव सांग. प्रत्येक नोंदीत खबर देणाऱ्याचं नाव लागतं. हिच्या नोंदीत कोणी नव्हता. मी देतोय खबर. चुकली तर माझी चुकली."

भगवान कठड्यापासून पुढे झाला. मग म्हणाला, "मी हितं जेवनार नाय," आणि जिना उतरून गेला. त्याचा थोरला मुलगा घुटमळला आणि तिथेच राहिला. बाकीचे पायांकडे बघत होते. जयाबाईंनी रखमाच्या पानावर पाणी सोडलं.

शांताबाईनं खुर्चीतून हात पुढे केला. "अजून एक पान दे," ती जयाबाईंना म्हणाली. "ल्हान दे."

जयाबाईंनी पानाचा शेंड्याकडचा तुकडा दिला. शांताबाईनं त्यावर चमचाभर खीर आणि वड्याचा तुकडा ठेवला. "कालू, त्या लहान्याचं नाव काय व्हतं रं?"

"पुस्तकात नाही, बाय. नुसतं दगडूचा मुलगा असं आहे."

"बरं," शांताबाई म्हणाली. तिला वाकता येत नव्हतं, म्हणून काळुरामांनी ते पान तिच्या हातातून घेतलं आणि रखमाच्या पानाच्या बाजूला खाली ठेवलं. इतरांच्या पानांसारखं अंतर सोडून ठेवलं होतं.

"तसं नको," ती म्हणाली. "जवल सरकव. लागू दे तिला."

काळुरामांनी दोन्ही पानांच्या कडा एकमेकींना लागेपर्यंत ते सरकवलं.